वेगाचं ई-चलान आलं: भरून टाकायचं की हरकत घ्यायची?

मोबाइलवर मेसेज येतो, वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तुमच्या गाडीवर चलान झालं आहे. पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची एकच असते, राग. मग काही जण रागाच्या भरात तक्रार ठोकतात, काही जण "कटकट नको" म्हणून त्याच मिनिटाला पैसे भरतात आणि बाकीचे मेसेज पुसून टाकतात. तिन्ही घाईचे निर्णय आहेत आणि तिसरा सगळ्यांत वाईट. भरायचं की लढायचं हे रागावरून किंवा दंडाच्या रकमेवरून ठरत नाही. ते ठरतं चलानासोबतच्या फोटोवरून आणि त्यावर छापलेल्या चार-पाच नोंदींवरून. त्या नोंदी कशा वाचायच्या, कुठे दम असतो आणि कुठे नसतो, ते महाराष्ट्रातल्या वाहनचालकांसाठी इथे क्रमाने दिलं आहे.

आधी चलान खरं आहे का ते पाहा

खोट्या चलानांचे मेसेज सध्या सर्रास फिरतात. त्यात एखादी लिंक असते किंवा व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते. ती फाइल उघडून ॲप बसवलं की फोनवरचे ओटीपी भामट्यांच्या हाती जातात. चलान पाहण्यासाठी कुठलीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना मुद्दाम सांगून ठेवा. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ब्राउझर उघडा आणि महाट्रॅफिक ई-चलान पोर्टल किंवा परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल स्वतः शोधून गाठा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते बघा. महाट्रॅफिक ॲपवरही चलान दिसतं. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकल्यावर चलान दिसलं, तर ते खरं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दोन्ही पोर्टलं तपासा. जुनं चलान न्यायालयाकडे गेलेलं असेल तर ते व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे चलानं ऑनलाइन निकाली काढणाऱ्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. तिथे महाराष्ट्राचा वाहतूक विभाग निवडून गाडीच्या नंबराने शोधता येतं.

फोटो मोठा करून बघा

इथे वेळ द्या. निम्मा निर्णय इथेच होतो. फोटो सेव्ह करा, जमल्यास संगणकाच्या पडद्यावर उघडा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून पडताळा.

नंबर प्लेट. कॅमेऱ्यामागचं सॉफ्टवेअर अक्षरं वाचताना चुकतं. इंग्रजी ‘बी’ आणि ८, ‘डी’ आणि शून्य, ‘एम’ आणि ‘एन’, १ आणि ७ या जोड्यांत गफलत ठरलेली. प्लेटवर चिखल असला किंवा स्क्रू नेमका अक्षरावर बसवलेला असला तर जास्तच. चलानावर छापलेला नंबर आणि फोटोतला नंबर अक्षरागणिक ताडून पाहा.

गाडी. नंबर तुमचाच आहे, पण गाडी तुमची आहे का? मॉडेल, रंग, टपावरचे रेल, अलॉय व्हील, मागच्या काचेवरचा स्टिकर, बंपरवरचा पोचा. तुमची पांढरी हॅचबॅक आणि फोटोत पांढरी सेदान, असं असेल तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. असं चलान दंड किरकोळ असला तरी भरू नका. भरलंत की ती गाडी तुमचीच होती असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं आणि पुढची चलानंही तुमच्याच दारात येतात.

वेग आणि मर्यादा. फोटोच्या पट्टीवर मोजलेला वेग, त्या जागेची मर्यादा, तारीख, वेळ आणि ठिकाण असायला हवं. मर्यादा वाहनाच्या प्रकारानुसार बदलते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीला ताशी १०० किलोमीटर चालतात, घाटात मर्यादा बरीच खाली येते. समृद्धी महामार्गावर सपाटीला मोटारीसाठी १२० आहे. मालवाहू गाड्यांची मर्यादा त्याहून कमी असते. त्यामुळे खासगी मोटारीला मालवाहू गाडीची मर्यादा लावली गेली आहे का, हे आरसीवरचा वाहनप्रकार समोर ठेवून तपासा.

फोटोत शेजारी दुसरी गाडी. रडारचा झोत जसजसा दूर जातो तसा पसरतो. एकाच वेळी दोन गाड्या झोतात असल्या तर वेग नक्की कुणाचा, हा प्रश्न खरा आहे. लेझर गनचा झोत अगदी बारीक असतो, त्यामुळे तिथे हा मुद्दा सहसा टिकत नाही. तुमची गाडी एकटीच फोटोत असेल तर हे सोडून द्या.

दोन फोटो असतील आणि दोन्हींवर सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ छापलेली असेल तर एक सोपं गणित करता येतं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अर्ध्या सेकंदात गाडी साडेबारा मीटर पुढे सरकायला हवी, म्हणजे साधारण तीन मोटारींच्या लांबीइतकी. दोन फोटोंमध्ये गाडी जेमतेम एका गाडीइतकी सरकलेली दिसत असेल तर छापलेला वेग आणि फोटो यांचा मेळ बसत नाही. एवढा ठोस पुरावा हाती आला तर हरकत घ्यायलाच हवी.

तारखा मोजा

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. तो दोनदा वाचावा असा आहे, कारण चलान करणाऱ्या यंत्रणेनं काय काय पाळायचं ते त्यात लिहिलं आहे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, उपकरणाने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हे सगळं द्यायचं. उपकरणाला राज्याने नेमलेल्या यंत्रणेचं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशारा देणारा फलक ठळक दिसेल असा लावायचा. चलान निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायची. शिवाय १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या नियमांखाली पडताळणी आणि मुद्रांकनही (तपासणीचा शिक्का) लागतं.

तेव्हा गुन्ह्याची तारीख आणि नोटिशीची तारीख यांतलं अंतर मोजा. १५ दिवसांपेक्षा जास्त भरलं तर तो हरकतीचा मुद्दा आहे. मात्र मेसेज वेळेत निघाला आणि वाहन नोंदणीला जोडलेला तुमचा मोबाइल नंबर जुना होता, तर उशीर तुमच्याकडचा धरला जाईल. नंबर बदलला असेल तर तो आजच अद्ययावत करा. पुढची अर्धी डोकेदुखी तिथेच वाचते.

आणखी एक मुद्दा कानावर येतो: "सहा महिने थांबा, चलान आपोआप रद्द होतं." यात अर्धं सत्य आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण मुदत संपली म्हणून पोर्टलवरचं चलान स्वतःहून पुसलं जात नाही आणि प्रकरण मुदतीत न्यायालयाकडे गेलं होतं की नाही, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. तो मुद्दा न्यायालयात मांडायचा असतो. त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

दंडापलीकडचा हिशेब

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. तुमच्या चलानावर छापलेली रक्कम ही कलम २०० खालचं तडजोड शुल्क आहे. ते भरलं की त्या गुन्ह्याबद्दल खटला चालत नाही. बहुतेकांची समजूत इथे संपते. पुढचं वाक्य फार जणांना ठाऊक नसतं. तडजोड शुल्क भरलेला गुन्हाही ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. दुसऱ्यांदा वेगाचा गुन्हा झाला की चालकाचा परवाना कलम २०६(४) खाली जप्त होऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि नुसतं शुल्क भरल्याने त्या कारवाईतून सुटका होत नाही.

ज्याची चूल परवान्यावर पेटते, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, बस, शाळेची व्हॅन चालवणारे, त्यांनी म्हणून चुकीचं चलान "दोन हजारांचा तर प्रश्न आहे" म्हणून कधीच भरू नये. महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे.

दुसऱ्या बाजूला लढण्याचा खर्च मांडा. ऑनलाइन हरकतीला अर्धा-एक तास लागतो, पैसे लागत नाहीत. न्यायालयात गेलात तर प्रकरण गुन्हा जिथे घडला त्या हद्दीतल्या न्यायालयात चालतं. नागपूरच्या माणसाचं चलान साताऱ्याजवळ झालं असेल तर दोन तारखांचा प्रवास, मुक्काम, बुडलेले दिवस हे दंडाच्या कितीतरी पटीने होतं. वकील दिला तर त्याची फी वेगळी. हरकतीत दम असेल तर ऑनलाइन हरकत सगळ्यांनी घ्यावी, पण न्यायालयाची पायरी मुद्दा ठोस असेल आणि पणाला लागलेलं मोठं असेल तेव्हाच चढावी, हे आमचं स्पष्ट मत.

चलानावर कलम १८३ सोबत १८४ दिसलं तर मात्र थांबा. ते धोकादायक वाहन चालवण्याचं कलम आहे, त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तिथे भरण्याआधी किंवा लढण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

जे मुद्दे टिकत नाहीत

"सगळेच त्या वेगाने जात होते." असतील. तुमचा वेग त्याने कमी होत नाही.

"जागेवर पोलीस नव्हता." कायद्याने उलट बाजू धरली आहे. नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत करता येत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेला हवा, असं कलम १८३(३) सांगतं. म्हणजे तुमच्याकडे मागायचं काय, तर उपकरणाची कागदपत्रं.

"कॅमेरा तिरका होता, म्हणून वेग जास्त दाखवला." स्थिर रडार तिरकं असलं की वेग कमी दिसतो, जास्त नाही. खरा वेग १०० असताना १० अंशांच्या कोनातून साधारण ९८ आणि २० अंशांतून ९४ दिसेल. हा मुद्दा मांडलात तर तो तुमच्याच अंगावर उलटतो.

"माझ्या स्पीडोमीटरवर ८० होते." स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतील असे बनवतात, त्यामुळे ऐकायला हा मुद्दा बरा वाटतो. पण ८० होते याला पुरावा काय? शिवाय कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील तर स्पीडोमीटर कमी दाखवतो. घेर ३ टक्क्यांनी वाढला की वेगही तितकाच कमी दिसतो.

"टोलवरून टोलपर्यंत माझा सरासरी वेग कमी भरतो." फास्टॅगच्या नोंदी ७० किलोमीटरला एक तास दाखवत असल्या तरी मधल्या एका उतारावर गाडी ११० ला नव्हती, हे त्यातून सिद्ध होत नाही. फास्टॅग वेगळ्या कामाला हुकमी येतो. चलानाच्या वेळी तुमची गाडी शंभर-दोनशे किलोमीटर दूरच्या टोलवर होती हे त्यातून दिसलं, तर बनावट नंबर प्लेटचा याहून चांगला पुरावा नाही.

काही ठिकाणी रस्त्यावरच्या दोन कॅमेरा-कमानींमधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढतात. १० किलोमीटरच्या टप्प्याला मर्यादा ६० असेल तर किमान १० मिनिटं लागायला हवीत. साडेसात मिनिटं लागली तर सरासरी ८० झाली. घड्याळात एका मिनिटाचा फरक होता असं धरलं तरी ती ७० च्या वरच राहते. असं चलान आलं तर आधी स्वतः गणित करा. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून इथे उपयोग होत नाही.

रुग्णाला दवाखान्यात नेत होतो, हे कारण माणूस म्हणून पटणारं आहे, पण खासगी गाडीला त्याने सूट मिळत नाही. दवाखान्याचा दाखला, दाखल केल्याची वेळ जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दंड किमान ठेवण्याची विनंती करता येते. ऑनलाइन हरकतीत त्यावर चलान रद्द होईल अशी आशा ठेवू नका.

फलकाचा मुद्दा, हा मात्र वजनाचा

केंद्र सरकार कमाल मर्यादा ठरवतं. त्याच्या आत राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यासाठी मर्यादा आणखी कमी करू शकतो, पण कलम ११२(२) प्रमाणे त्यासाठी अधिसूचना आणि रस्त्यावर योग्य फलक दोन्ही हवेत. फक्त एका महिन्यापेक्षा जास्त न चालणाऱ्या तात्पुरत्या निर्बंधाला अधिसूचनेची गरज नाही.

म्हणून जागेवर जाणं शक्य असेल तर जा. स्वतः गाडी चालवत नसताना, सोबतच्या माणसाला मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यायला सांगा. कॅमेऱ्याच्या दोन-तीन किलोमीटर आधीपासून सुरू करा, लोकेशन चालू ठेवा. मर्यादेचा फलक झाडाच्या फांदीआड आहे, मोडून पडला आहे, मुख्य रस्त्यावर ८० चा आणि शंभर मीटरवर ४० चा आहे, असं काही दिसलं तर थांबता येईल अशा सुरक्षित ठिकाणाहून स्थिर फोटो घ्या. द्रुतगती मार्गावर मात्र कडेला गाडी उभी करू नका, व्हिडिओवरच भागवा. हे आठवडाभरात करा. फलक दुरुस्त झाला की तुमचा मुद्दा गेला.

हरकत कशी लिहायची

महाट्रॅफिकच्या पोर्टलवर किंवा ॲपवर चलानासमोर तक्रारीचा पर्याय असतो. तिथे रागाचा निबंध लिहू नका. वाचणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर अशा ढिगाने तक्रारी असतात. एक मुद्दा, एक पुरावा, एक मागणी. नमुना असा:

"चलान क्रमांक … , दिनांक … . फोटोतील वाहन लाल रंगाचे, टपावर कॅरिअर असलेले आहे. माझे वाहन आरसीप्रमाणे राखाडी असून कॅरिअर नाही. त्याच दिवशी त्याच वेळी माझे वाहन … टोलनाक्यावर होते, फास्टॅगची नोंद जोडली आहे. आरसी, वाहनाचे चारही बाजूंचे फोटो व फास्टॅग विवरण जोडले आहे. चलान रद्द करावे ही विनंती."

बनावट प्लेटचा संशय असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतलेली प्रत याला जोडा. तक्रारीचा क्रमांक आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा.

गाडी ड्रायव्हर किंवा दुसरं कुणी चालवत असेल तर लपवू नका. पोलिसांनी विचारलं की चालकाचं नाव, पत्ता, परवाना सांगणं कलम १३३ खाली मालकावर बंधनकारक आहे. परवान्यावरची कारवाई खऱ्या चालकावर जावी असं वाटत असेल तर ही माहिती आपणहून, लेखी द्या.

उपकरणाचे कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा लागतो. तेव्हा "माहिती द्या" असं मोघम न लिहिता चारच गोष्टी मागा: त्या तारखेला लागू असलेलं मान्यता प्रमाणपत्र, शेवटच्या कॅलिब्रेशनचा (मोजणी अचूक आहे का याच्या तपासणीचा) अहवाल, त्या टप्प्याच्या वेगमर्यादेची अधिसूचना आणि इशारा फलकाचं ठिकाण. तक्रार आणि हा अर्ज एकाच दिवशी टाका, एकाच्या उत्तरासाठी दुसरा थांबवू नका.

हरकत फेटाळली तर

चलानावर किंवा पोर्टलवर दाखवलेल्या मुदतीकडे पुन्हा पाहा, ती चुकवू नका. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं तर तिथे दोनच वाटा असतात: दंड भरा किंवा खटला लढवा. लढवायचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं. तिथे न्यायदंडाधिकारी गुन्हा कबूल आहे का विचारतात. नाकबूल म्हटलं की पुरावा द्यायची जबाबदारी सरकार पक्षाची. कॅमेऱ्याच्या नोंदीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं.

लोकअदालतीची नोटीस आली तर ती तिसरी वाट आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते. बऱ्याच चलानांचा एकदम निकाल लावायचा असेल तर सोयीची. पण तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्या चलानावर तुमची खरी हरकत आहे ते तिथे मिटवून मग लढता येणार नाही. सवलत मिळेलच असं धरूनही जाऊ नका.

भरायचं ठरलं तर

फोटो स्पष्ट, गाडी तुमची, मर्यादा बरोबर, नोटीस वेळेत. असं असेल तर आजच भरा. थकलेल्या चलानांचं ओझं गाडी विकताना, नावबदलाच्या वेळी आरटीओत समोर उभं राहतं आणि तेव्हा घाई तुमची असते. खात्यातून पैसे गेले पण चलान ‘अनपेड’ दिसतंय, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, व्यवहार क्रमांक लिहून दोन-तीन दिवस थांबा. पावती पीडीएफमध्ये जपा, आठवड्याने पोर्टलवर स्थिती पुन्हा पाहा.

चलान विकलेल्या गाडीचं असेल तर भरण्याआधी आरसीवरचं नाव बघा. ते अजून तुमचंच असेल तर चलान तुमच्याच नावावर येत राहणार. विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची नोंद आणि फॉर्म २९ ची (मालकी हस्तांतराच्या सूचनेची) प्रत हरकतीला जोडा. हस्तांतराची खबर नोंदणी प्राधिकाऱ्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते. दिली नसेल तर चलानाच्या आधी ते काम उरका.